खोट्या चिलखताची खरी वंशावळ

अद्भुतरम्य संगणकीय खेळांत रमलेल्या प्रत्येकास एक दुकान ठाऊक असते. खेळाच्या आरंभी, गाठीशी चार नाणी असताना, आपण गावातल्या लोहाराकडे जातो आणि तो आपल्यापुढे चिलखतांची उतरंड मांडतो. आधी गोधडीसारखे जाड शिवलेले, मग चामड्याचे, मग खिळे ठोकलेल्या चामड्याचे, मग चामड्यावर कडी शिवलेले, मग कड्यांत कडी गुंफलेले आणि शेवटी, ऐपत असेल तर, नखशिखान्त पोलादी पत्र्यांचे. आम्हीही ही उतरंड अनेक वर्षे चढत आलो. खेळातील जादूगार आणि ड्रॅगन हे कल्पनेतले असले, तरी निदान ही चिलखते इतिहासातली आहेत, असे आम्ही निःशंकपणे मानत होतो.

ती सगळी तशी नाहीत. त्यांतल्या काही पायऱ्या मध्ययुगीन युरोपात त्या स्वरूपात होत्या, असे मानण्यास आधार नाही. परंतु त्या खेळ रचणाऱ्यांनी मनाने रचल्या आहेत असेही नाही. त्यांचा उगम एका व्यासंगी आणि प्रामाणिक माणसाच्या ग्रंथात सापडतो. त्या उगमापर्यंत जाण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. मराठीत 'चिलखत' हा एकच शब्द आपण सरसकट वापरतो. येथे मात्र दोन प्रकार वेगळे ठेवणे अवश्य आहे: लोखंडी कड्यांची जाळी, आणि अंगाच्या घडणीप्रमाणे ठोकून केलेले पत्रे. फारसीत कड्यांच्या चिलखतास 'जिरह' म्हणतात आणि आपल्या 'जिरेटोपा'त तोच शब्द दडलेला आहे. इंग्रजीतला 'मेल' हा शब्दही मूळचा जाळीवाचकच आहे. त्यामुळे 'चेन मेल' ही द्विरुक्ती ठरते आणि खेळांत आढळणारे 'प्लेट मेल' तर वदतोव्याघात. मग हे शब्द आले कोठून?

सॅम्युअल रश मेरिक (1783–1848) हा इंग्लंडमधील वकील. जुन्या शस्त्रांचा संग्रह हा त्याचा ध्यास होता. त्याच्या काळी लंडनच्या टॉवरमध्ये इंग्लंडच्या राजांच्या अश्वारूढ प्रतिमांची एक रांग प्रेक्षकांस दाखवीत असत. 1066 साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमच्या अंगावर तीत कित्येक शतकांनंतरचे पोलादी चिलखत चढवलेले होते आणि लोक ते भाविकपणे पाहून जात. मेरिकला हा भोंगळपणा असह्य झाला. 1824 साली त्याने प्राचीन चिलखतांवर तीन खंडांचा चिकित्सक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि थोड्याच वर्षांत टॉवरमधील त्या रांगेची कालानुक्रमे फेरमांडणीही त्याच्याच हातून झाली. इंग्लंडमध्ये चिलखतांच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया त्याने घातला, असे म्हणण्यास हरकत नाही.

चूक झाली ती येथेच. बाराव्या-तेराव्या शतकातील चिलखते मेरिकपुढे फारशी नव्हती, कारण लोखंड गंजते. म्हणून त्याने चित्रांचा, शिल्पांचा आणि बायो येथील सुमारे सत्तर मीटर लांबीच्या प्रसिद्ध भरतकामाचा आधार घेतला. त्या भरतकामात योद्ध्यांच्या अंगावर कोठे वर्तुळे काढली आहेत, कोठे तिरपी जाळी, तर कोठे आडवे पट्टे. कड्यांची जाळी सुईने भरायची कशी, ही अडचण निरनिराळ्या हातांनी निरनिराळ्या रीतीने सोडवलेली होती. मेरिकला मात्र ती टाक्यांची भिन्नता वाटली नाही, वस्तूंची भिन्नता वाटली. त्याने प्रत्येक नक्षीस एकेक चिलखत बहाल केले: कडीचे, जाळीचे, पट्ट्यांचे, कौलांसारख्या तुकड्यांचे. पुढील पिढ्यांच्या अभ्यासकांनी हे वर्गीकरण बव्हंशी निकालात काढले. पण नावे टिकली. वस्तूहून नाव चिवट असते.

1971 साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाची, पटावर शिशाची सैन्ये लढवण्याची नियमावली काढली. 1974 साली तिच्यातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जन्मास आला. 1978 सालच्या त्याच्या विस्तारित पुस्तकात चिलखतांची जी यादी आहे, तीत कडी शिवलेले आणि पट्ट्यांचे अशी मेरिकची दोन मानसअपत्ये अंकांसह विराजमान आहेत. शेजारी खिळेजडित चामडेही आहे. या खिळ्यांचे मूळ, अभ्यासकांच्या सर्वसाधारण तर्कानुसार, 'ब्रिगँडाइन' या खऱ्या चिलखताच्या चुकीच्या वाचनात आहे. त्यात कापडाच्या किंवा चामड्याच्या आत पोलादी तुकडे रिव्हेटांनी बसवत आणि बाहेरून फक्त रिव्हेटांची डोकी दिसत. जे संरक्षण करते ते आत, जे दिसते ते निव्वळ बांधणीचे टोक! चित्र पाहणाऱ्याने त्या टोकालाच चिलखत मानले. गॉटलंड बेटावर विस्बी येथे 1361 साली झालेल्या लढाईतील मृतांच्या सामूहिक कबरी विसाव्या शतकात उकरल्या गेल्या, तेव्हा नेमके उलट चित्र दिसले. कापड आणि चामडे मातीत गेलेले, आणि सांगाड्यांवर उरले होते ते आतले पत्रे.

पुढचा प्रवास सरळ आहे. 1998 सालचा 'बॉल्डर्स गेट' याच नियमांवर उभा होता, आणि 2023 साली आलेल्या त्याच्या तिसऱ्या भागातही खिळेजडित चामडे दुकानात हजर आहे. एका भरतकाम करणाऱ्या हाताचा टाका, एका वकिलाचा तर्क, एका नियमावलीतील ओळ आणि मग पडद्यावरील वस्तू, अशी ही परंपरा आहे. तीत लबाडी कोणीच केलेली नाही.

वजनाची गोष्टही अशीच. पत्र्याच्या चिलखतातला सरदार म्हणजे कासव, पडला की उठता येत नाही, हा समज सार्वत्रिक आहे. 1944 साली लॉरेन्स ऑलिव्हिएने काढलेल्या 'हेन्री द फिफ्थ' या चित्रपटात तर सरदारास यारीने उचलून घोड्यावर बसवलेले दाखवले आहे. वस्तुतः रणांगणावरील संपूर्ण चिलखताचे वजन साधारणतः 20 ते 25 किलो असे आणि ते सर्व अंगावर विभागलेले असे. फ्रान्सचा मार्शल बूसिको शिरस्त्राण सोडून बाकीच्या पूर्ण चिलखतानिशी कोलांट्या मारीत असे, असे त्याच्या हयातीतच लिहिलेले त्याचे चरित्र सांगते. 2011 साली लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी प्रतिकृती घातलेल्या माणसांस चालत्या पट्ट्यावर चालवून-धाववून मोजमापे घेतली, तेव्हा निराळेच सत्य हाती आले. चालण्यास लागणारी ऊर्जा दुपटीहून अधिक झाली होती. एक तर पायांवरील पत्रे प्रत्येक पावलागणिक उचलावे लागतात, आणि छातीच्या आवरणामुळे श्वासही मोकळा घेता येत नाही. म्हणजे चिलखतामुळे माणूस अवघडत नाही, थकतो. 'डार्क सोल्स' (2011) या खेळात अंगावरील भार क्षमतेच्या ठरावीक हिश्श्याबाहेर गेला की आपला योद्धा गडबडा लोळू लागतो. तेथे यारीवाल्या सरदाराचाच वारसा चालतो. दमछाकीचा हिशेबही त्या खेळात आहे, आणि इतिहासास तोच अधिक जवळचा आहे.

शिंगांच्या शिरस्त्राणाविषयी थोडक्यात सांगतो. 2011 सालच्याच 'स्कायरिम'चा नायक शिंगे असलेल्या लोखंडी टोपामुळे जगभर ओळखला जातो आणि खेळाचे वातावरण उघडच उत्तर युरोपातील आहे. व्हायकिंगांचे म्हणता येईल असे जे मोजके शिरस्त्राण हाती आले आहे, त्यांत नॉर्वेतील येर्मुनबू येथे 1943 साली सापडलेले सर्वांत महत्त्वाचे. त्यास शिंगे नाहीत. डेन्मार्कमधील वेक्सो येथील शिंगवाले टोप कांस्ययुगातले, म्हणजे व्हायकिंगांच्या कितीतरी शतके आधीचे. व्हायकिंगांच्या डोक्यावर शिंगे पक्की बसवण्याचे श्रेय प्रामुख्याने जाते ते 1876 साली बायरॉइट येथे झालेल्या वॅग्नरच्या संगीतिकांना आणि त्यांची वेशभूषा करणाऱ्या कार्ल एमिल डोप्लर यास.

आता किल्ल्यांकडे वळू. खेळांतले निमुळत्या मनोऱ्यांचे, ढगांत शिरणारे किल्ले पाहिले की नॉयश्वानस्टाइन आठवतो. त्याचे बांधकाम 1869 साली सुरू झाले. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याच्यासाठी त्याची कल्पनाचित्रे काढली ती नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या क्रिस्टियान यांकने. त्या वास्तूत गरम हवेची सोय होती, नळाचे पाणी होते. शत्रू मात्र कधीच अपेक्षित नव्हता. दक्षिण फ्रान्समधील कार्कासोनचा कोट अस्सल जुना आहे, परंतु 1853 पासून व्हियोले-ल-द्युकने त्याच्या बुरुजांवर चढवलेली टोकदार पाटीदगडी छपरे त्या प्रदेशाच्या रीतीची नाहीत, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. खेळांतल्या किल्ल्यांचा उदास करडा दगडही भग्नावशेषांवरून घेतलेला. लंडनच्या 'व्हाइट टॉवर'ला तिसऱ्या हेन्रीने 1240 साली चुना फासवला होता, त्याचे नावच ते सांगते.

परंतु रंग आणि छपरे हा वरवरचा भाग झाला. किल्ल्याचा आकार हे एका प्रश्नाचे उत्तर असते. 1215 साली जॉन राजाने रोचेस्टरच्या किल्ल्यास वेढा घातला, चौकोनी बालेकिल्ल्याच्या कोपऱ्याखाली सुरुंग खणला, आधाराची लाकडे पेटवण्यासाठी चाळीस डुकरांची चरबी मागवली आणि तो कोपरा पाडला. पुढे तो बांधला तेव्हा गोल बांधला. आजही त्या इमारतीचे तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल आहे. चौकोनी कोपरा सुरुंगास सोपा सापडतो, हा धडा दगडात लिहिलेला आहे. पुढे तोफा आल्या आणि उंच भिंतींच्या जागी ठेंगणे, जाड, कोनाकृती बुरुज आले. आपल्याकडील गोमुखी दरवाजासमोर जो उभा राहिला आहे, त्यास हे समजावून सांगावे लागत नाही. वाट का वळवली हे तेथे पायांनाच कळते.

आमच्या मते खेळांवरचा खरा आक्षेप येथे आहे. ज्या जगात ड्रॅगन आकाशातून आग ओकतात आणि जादूगार हाताच्या इशाऱ्याने दरवाजे वितळवतात, तेथे उघड्या चौकाचे, उंच भिंतींचे, लाकडी छपरांचे किल्ले कोणी का बांधील? त्या जगातली माणसे भुयारांत राहतील, छप्परे दगडी कमानींची करतील, धान्याची कोठारे विखरून ठेवतील. खेळातील बखरी हजारो वर्षांच्या युद्धांच्या कथा सांगतात, पण त्या युद्धांचा एकही धडा तेथील गवंड्याने घेतलेला दिसत नाही. ही इतिहासाशी प्रतारणा नव्हे, कार्यकारणभावाशी आहे. अद्भुतास इतिहासाचे बंधन नसावे हे आम्हांस मान्य आहे. पण त्याने स्वतःच निर्माण केलेल्या संकटांची दखल तरी घ्यावी!

दुसऱ्या वाटेने जाणारेही आहेत. प्राग येथील वॉरहॉर्स स्टुडिओजचा 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' (2018) हा खेळ 1403 सालच्या बोहेमियात घडतो. तेथे ड्रॅगन नाहीत, आणि नायकास आधी जाड शिवलेला अंगरखा, त्यावर कडी, त्यावर पत्रे असे थरांवर थर चढवावे लागतात. कारण खरे चिलखत ही दुकानातली उतरंड नव्हती. त्या पायऱ्या एकीच्या जागी दुसरी येत नव्हत्या, एकावर एक चढत होत्या. फ्रान्समध्ये गेदलाँ येथे 1997 पासून तेराव्या शतकाच्या हत्यारांनी आणि पद्धतींनी एक किल्ला बांधला जात आहे. दगड फोडणे, चुना भाजणे, दोर वळणे हे सारे हातांनी करून पाहिल्याखेरीज काही प्रश्न सुचतच नाहीत, हा त्यामागील विचार आहे.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या वस्तूची एवढी चिकित्सा कशाला? आमचे उत्तर असे, की ड्रॅगनवर कोणी विश्वास ठेवीत नाही, खिळ्यावर मात्र सगळेच ठेवतात. अद्भुताच्या बाजूला ठेवलेली सामान्य वस्तू तपासली जात नाही आणि म्हणूनच ती मनात ठाण मांडून बसते. मध्ययुग म्हणून आपण जे ओळखतो, ते पुष्कळदा एकोणिसाव्या शतकाने पाहिलेले मध्ययुग असते.

मेरिकला वाय नदीकाठचा गुडरिचचा जुना, पडका किल्ला विकत घ्यावयाचा होता. तो मिळेना. तेव्हा त्याने जवळच टेकडीवर वास्तुविशारद एडवर्ड ब्लोरकडून मध्ययुगीन थाटाचा नवा वाडा बांधून घेतला आणि आपली चिलखते त्यात मांडली. त्यांतील काही आज लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहेत. तो नवा वाडा 1950 च्या सुमारास पाडला गेला. पडका किल्ला मात्र अजून उभा आहे. आणि चिलखतांच्या दुकानात लोहार अजूनही आम्हांस कडी शिवलेले चामडे दाखवतो. आम्ही ते घेतोही, फक्त आता ते कोणाच्या हातचे आहे हे ठाऊक असते.