फादर दिब्रिटोंची मराठी आली कुठून? एका न लिहिलेल्या इतिहासाबद्दल

जानेवारी २०२० आठवतोय ना? १० ते १२ तारखेला ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्याकडे झालं. तेव्हा गावाचं नाव उस्मानाबाद होतं. संमेलननगरीला नाव दिलं होतं तेरच्या गोरोबाकाकांचं आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. संमेलनाच्या इतिहासात ख्रिस्ती अध्यक्ष पहिल्यांदाच. "पाद्र्याचा आणि मराठीचा काय संबंध?" असं विचारणारे पुष्कळ निघाले. उद्घाटक ना. धों. महानोरांना येऊ नका म्हणून फोन गेले. तरी महानोर आले, आणि आजारी असलेले फादरही आले.

त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा बहुतेकांनी ग्रंथांच्या आधारे दिलं. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, मराठी ओव्यांत. खुद्द दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' लिहिलं, 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं चालवलं. हे सगळं खरंच आहे. पण मला वाटतं, खरं उत्तर वसईच्या स्वयंपाकघरात आहे.

थोडा इतिहास बघू. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली. म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं परकी राजवट. त्या काळात चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये आणि सरकारी कारभार पोर्तुगीजमध्ये. गोव्यात तर १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूमच काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. पुढे वसई पडली, पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर बरेचसे पाद्रीही गेले. मागे उरली ती इथलीच माणसं. केळीच्या, पानवेलीच्या, भाजीच्या वाड्या कसणारी. आणि लॅटिन मिस्सा तर त्यानंतरही थेट १९६०च्या दशकापर्यंत चालू राहिली.

मग इतकी वर्षं धर्म आणि मराठी दोन्ही एकाच घरात टिकलं कसं?

टिकवलं आईने. घरात पोरं भरपूर. वाडीचं काम, विहिरीचं पाणी, टोपली घेऊन बाजार. दिवस मावळला की हीच बाई सगळ्या लेकरांना गोळा करून जपमाळेची प्रार्थना म्हणायला बसवायची. लहानग्याला क्रुसाची खूण हात धरून शिकवायची. मिस्सेतली लॅटिन तिला कुठून कळणार! पण मुलगा तापाने फणफणला की ती मारियामाऊलीशी बोलायची ते आपल्या बोलीत, सामवेदी कादोडीत नाहीतर वाडवळीत. देवाशी भांडायचं तर माणूस आपल्याच भाषेत भांडतो. नंदाखालसारख्या गावातला मुलगा पुढे मराठीत बायबल लिहितो, त्याची मुळाक्षरं अशा घरांत गिरवली गेलीत.

आणि या बाईची नोंद? वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला, १८६२ मध्ये संत घोषित झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. मुलाच्या नावाने चर्च आहे, कॉलेज आहे. आईची ओळख मात्र "स्थानिक स्त्री" या दोन शब्दांत आटोपते.

हे फक्त वसईचं नाही. फ्रान्समध्ये झेली मार्टिन नावाची बाई होती. लेस विणण्याचा धंदा सांभाळत तिने नऊ लेकरांना जन्म दिला, त्यातली चार लहानपणीच गेली, आणि १८७७ साली ती स्वतः कॅन्सरने गेली. पाचही मुली जोगिणी झाल्या. धाकटी तेरेझा १९२५ सालीच संत ठरली. आई-बापाला तो मान मिळायला २०१५ उजाडलं. संसार करत, लेकरं वाढवत केलेल्या भक्तीची दखल घ्यायला चर्चलाही इतका वेळ लागला.

आपण तरी काय वेगळे? गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याकडे पोरापोराला पाठ आहे. भजनात दंग होऊन चिखल तुडवताना बाळ पायाखाली गेलं. काकांच्या भक्तीवर कीर्तनं रंगतात. त्या बाळासाठी टाहो फोडणारी, काकांशी आणि विठ्ठलाशी भांडणारी आई मात्र गोष्टीत थोडाच वेळ दिसते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मोठ्या कुटुंबातल्या आईचे नुसते गोडवे गाणं मला पटत नाही. सात-आठ बाळंतपणं, मेलेल्या लेकरांचं दुःख, शेवटी उरलेलं स्वतः खाणं, हे सगळं "माऊली" म्हटलं की झाकून जातं. तिची माया खरी, श्रद्धा खरी, आणि तिचं झिजणंही तितकंच खरं. तिन्ही एकत्र लिहिलं तरच इतिहास पुरा होतो.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ला गेले. त्यांची पुस्तकं राहतील. पण घराघरातल्या म्हाताऱ्यांची पुस्तकं नाहीत. तुमच्या घरी आजी असेल, मग ती पंढरीची असो, दर्ग्याला जाणारी असो की चर्चला, तर या आठवड्यात तिच्याजवळ बसा. किती लेकरं झाली, किती जगली, दिवेलागणीला ती काय म्हणायची, ते विचारा. तिचं नाव, तिच्या आईचं नाव लिहून ठेवा. आपल्या जिल्ह्याचा अर्धा इतिहास अजून तिच्याकडेच आहे.