काशीचे घाट : अस्सी ते पंचगंगा, नदीकाठची पायवाट

काशी नगरी पुराणांइतकी जुनी मानली जाते. गंगेच्या काठावर उभे राहिल्यावर डोळ्यांत भरणारे दगडी वैभव मात्र बहुतांशी अठराव्या शतकातील आणि त्यानंतरचे आहे. त्याच्या उभारणीत पेशवे, होळकर, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचा वाटा फार मोठा आहे. महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य यात्रेकरू काशीला जातात. विश्वनाथाचे दर्शन, गंगास्नान आणि सायंकाळची आरती आटोपून बहुतेक जण परततात. तीन-चार तास हाताशी ठेवून नदीकाठाने पायी चालल्यास या शहराची एक वेगळी ओळख होते.

काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे. शहर पश्चिम तीरावर वसले असून समोरचा तीर मोकळा, वाळूचा आहे. त्यामुळे सूर्योदयाचे पहिले किरण थेट घाटांवर पडतात. चौऱ्याऐंशी घाटांची ही रांग साडेसहा किलोमीटरहून लांब आहे. त्यांपैकी दक्षिणेकडील अस्सी ते उत्तरेकडील पंचगंगा हा सुमारे चार किलोमीटरचा टप्पा पायी पाहण्यास सोयीचा आहे. नदी उजव्या हाताला ठेवून चालत राहावे. वाट चुकण्याची भीती नाही.

अस्सी ते राजा घाट

अस्सी नावाचा ओढा जेथे गंगेला मिळत असे, त्या परिसरातील अस्सी घाटापासून सुरुवात करावी. पुढे लागणाऱ्या तुलसी घाटाशी गोस्वामी तुलसीदासांची स्मृती निगडित असून १६२३ मध्ये त्यांचे येथेच निधन झाल्याचे मानले जाते. याच भदैनी भागात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे स्मारक आहे. त्यांचा जन्म काशीतला आणि माहेरचे नाव मणिकर्णिका.

किल्ल्यासारख्या भिंतींचा चेतसिंह घाट १७८१ च्या संघर्षाचा साक्षीदार आहे. वॉरन हेस्टिंग्जने काशीनरेश चेतसिंह यांना त्यांच्याच वाड्यात नजरकैदेत ठेवले असता ते नदीच्या बाजूने निसटले. त्यानंतरचा हरिश्चंद्र घाट हा काशीतील दोन स्मशानघाटांपैकी एक होय. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या केदारेश्वर मंदिरामुळे केदार घाट दुरूनही ओळखू येतो. तेथे दक्षिण भारतीय भाविकांची वर्दळ असते.

राजा घाटापासून मराठी खुणा दाट होऊ लागतात. या घाटाचे बांधकाम रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी केले. पुण्याच्या राजकारणातून दूर झाल्यावर ते उत्तरेत स्थायिक झाले होते.

दशाश्वमेधाच्या परिसरात

राणामहल उदयपूरच्या राण्यांचा, तर दिघापतिया घाट बंगालमधील संस्थानिकांचा. काशीत आपली एक वास्तू असावी, असे हिंदुस्थानातील प्रत्येक राजघराण्याला वाटत असे. यापुढील मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधला. त्याचा काही भाग १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतला. तेथील भव्य वाड्यात आता हॉटेल आहे. शेजारीच अहिल्याबाई घाट आहे.

दशाश्वमेध घाटाचे बांधकाम १७४८ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या काळात झाले. १७७४ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी त्याचा विस्तार केला. काशी विश्वनाथाचे सध्याचे मंदिरही त्यांनीच १७८० मध्ये उभारले. डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ धाम प्रकल्पाचे उद्घाटन झाल्यापासून ललिता घाटाच्या बाजूने थेट मंदिराकडे जाता येते. त्यासाठी मधल्या दाट वस्तीतील अनेक इमारती पाडण्यात आल्या. जुन्या गल्ल्यांतून मंदिराकडे गेलेल्यांना हा बदल चटकन जाणवतो. त्याआधी मानमंदिर घाटावर जयपूरचे सवाई जयसिंह यांची वेधशाळा आणि ललिता घाटावर लाकडी कोरीवकामाचे नेपाळी मंदिर पाहावे.

खचलेला घाट

मणिकर्णिकेवर अहोरात्र चिता पेटलेल्या असतात. येथे कॅमेरा बंद ठेवावा आणि रेंगाळू नये. त्यालगत पाण्यात झुकलेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर दिसते. तेथून पुढच्या शिंदे घाटावर मात्र थोडे थांबावे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३० मध्ये हा घाट बांधण्यास घेतला. दगडांचा भार नदीकाठच्या मातीला पेलवला नाही आणि तो खचला. आज दिसणारा घाट १९३७ मध्ये नव्याने बांधलेला आहे.

घाट म्हणजे केवळ पायऱ्या नव्हेत. शहराला नदीच्या धारेपासून सांभाळणारी ती एक भिंत आहे. तिचा पाया पाण्याखाली असतो. दर पावसाळ्यात गंगा पायऱ्या गिळते. ओसरताना ती गाळाचे जाड थर मागे ठेवते आणि तो गाळ पाण्याचे फवारे मारून धुवावा लागतो. ज्यांनी हे घाट बांधले ती संस्थाने काळाच्या ओघात विलीन झाली. देखभालीची गरज मात्र संपलेली नाही. पायऱ्यांवरून चालताना निखळलेले, सरकलेले दगड पायाला लागतात, तेव्हा हे सत्य पुस्तकाविना समजते.

पंचगंगेपर्यंत

यानंतर भोसले घाट, अमृतरावांशी संबंधित गणेश घाट आणि जटार घाट ही ओळखीची नावे येतात. पंचगंगा घाटावर औरंगजेबाच्या काळातील मशीद आहे. तिचे एकेकाळचे उंच मिनार आता नाहीत. पूर्वीच्या बिंदुमाधव मंदिराच्या जागी ती उभारली गेली. सध्याचे बिंदुमाधव मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. घाटावरील दगडी दीपमाळ अहिल्याबाईंच्या नावाने ओळखली जाते. कार्तिकात येथे दिव्यांची आरास असते. लगतच्या दुर्गा घाटाच्या उभारणीत नारायण दीक्षित पाटणकर यांचा पुढाकार होता. या परिसरात जुनी मराठी वस्ती आहे.

काशीशी असलेला मराठी संबंध पेशवाईच्याही आधीचा आहे. संत एकनाथांनी एकनाथी भागवत १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केले. १६७४ मध्ये शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्टही येथीलच. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे.

जाण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जुलै ते सप्टेंबरमध्ये पाणी चढल्यास घाटांना जोडणारी वाट बुडते, तेव्हा गल्ल्यांतूनच जावे लागते. सूर्योदयापूर्वी निघावे. न घसरणारी पादत्राणे आणि पिण्याचे पाणी सोबत असावे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी परतीसाठी नाव करावी. भाडे आधी ठरवून घ्यावे. मुंबईहून महानगरी एक्स्प्रेस वाराणसीला जाते. बाबतपूरचा विमानतळ शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे.