'एके-47'ची गोळी भारी की 'इन्सास'ची? स्टीलच्या प्लेटवर उत्तर का बदलतं?

स्टीलच्या प्लेटवर रायफलने गोळ्या झाडल्याचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. कमेंटमध्ये वाद ठरलेला असतो : 'गोळी मोठी, म्हणजे ताकद जास्त.' हे खरं आहे का?

या गोळ्यांशी आपलं जवळचं नातं आहे. बार्शीटाकळीहून अकोला आणि तिथून भुसावळच्या दिशेने रेल्वेने निघालं की भुसावळच्या अलीकडे वरणगाव येतं. तिथल्या आयुध निर्माणीत सैन्य आणि सुरक्षा दलांच्या रायफलींची काडतुसं बनतात.

आधी आकडे पाहू

(गोळीचं वजन, वेग आणि ऊर्जा, सर्व आकडे अंदाजे)

- एके-47 (7.62×39) : 8 ग्रॅम, सेकंदाला 715 मीटर, 2,000 ज्यूल
- इन्सास (5.56×45) : 4 ग्रॅम, सेकंदाला 900 मीटर, 1,600 ज्यूल
- जुनी एसएलआर (7.62×51) : 9.3 ग्रॅम, सेकंदाला 840 मीटर, 3,300 ज्यूल

पहिला आकडा गोळीची अंदाजे जाडी सांगतो, दुसरा काडतुसाच्या नळीची लांबी. दोन्ही मिलिमीटरमध्ये. म्हणून एके आणि एसएलआर दोन्ही '7.62' असल्या, तरी एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही.

मग स्टील कोण भेदतं?

पोत्यात बोट घुसत नाही, दाभण घुसतो. जोर तेवढाच, पण तो छोट्या टोकावर एकवटतो. गोळीचंही तसंच आहे. ऊर्जेला गोळीच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागलं, तर दर चौरस मिलिमीटरला एकेचे सुमारे 41, इन्सासचे 64 आणि एसएलआरचे 69 ज्यूल येतात. म्हणजे निम्म्या वजनाची इन्सासची गोळी इथे एकेच्या पुढे जाते.

पण अंतर वाढलं की हलकी गोळी लवकर वेग गमावते. लांबवर एसएलआरची जड गोळी जास्त जोर टिकवून ठेवते.

गोळीच्या पोटात काय आहे?

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. शिसं मऊ असतं. कठीण प्लेटवर आदळलं की ते चपटं होऊन विखुरतं. आत स्टीलचा गाभा असेल, तर तो आकार टिकवून पुढे घुसतो. त्यातही साधं स्टील वेगळं आणि कडक केलेलं स्टील वेगळं. बंदूक तीच, गोळीचा आकारही तोच. परिणाम मात्र वेगळा.

याचा जवानांशी काय संबंध?

31 डिसेंबर 2017 रोजी पुलवामातील लेथपोरा इथल्या सीआरपीएफ तळावर हल्ला झाला. त्यात पाच जवान शहीद झाले. हल्लेखोरांनी कडक स्टीलच्या गाभ्याच्या गोळ्या वापरल्याचं आणि त्यांनी बुलेटप्रूफ ढाल भेदल्याचं नंतर समोर आलं. नेहमीच्या एके गोळीसाठी बनवलेलं कवच अशा गोळीपुढे अपुरं पडू शकतं.

2018 मध्ये भारतीय मानक ब्युरोने बुलेटप्रूफ जॅकेटसाठी 'आयएस 17051' हे मानक आणलं. त्यात धोक्याच्या सहा पातळ्या आहेत. कोणतं जॅकेट कोणत्या गोळीला अडवेल, हे त्यावरून ठरतं.

म्हणून 'बुलेटप्रूफ' हा शब्द एकटा अर्धवट आहे. पुढच्या वेळी असं रील दिसलं, तर बंदुकीचं नाव विचारून थांबू नका. गोळी कोणती, किती अंतरावरून आणि प्लेट कसली, हेही विचारा.