वटपद्रकाची चतुःसीमा

खरेदीखतात मिळकतीचे वर्णन लिहिताना चतुःसीमा सांगण्याची आपल्याकडील रीत फार जुनी आहे. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस रस्ता, पश्चिमेस तमक्याची जमीन, उत्तरेस ओढा. हे शुष्क कलम लिहिताना कारकुनास काव्य सुचत नाही आणि वकिलासही नाही. पण बाराशे वर्षांपूर्वी अशीच एक चतुःसीमा एका ताम्रपटावर कोरली गेली, आणि आज लाखो लोकांच्या वस्तीखाली दडलेल्या एका नगरीचा पत्ता तीच सांगते आहे.

हा ताम्रपट राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्कराज सुवर्णवर्ष याचा आहे. मान्यखेटाचा सम्राट तिसरा गोविंद हा कर्काचा चुलता. शके 734 मध्ये, म्हणजे इसवी सन 812 मध्ये, कर्काने वलभीहून आलेल्या भानू नावाच्या ब्राह्मणास वटपद्रक हे गाव दान दिले. गाव कोणते? तर अंकोट्टक चौऱ्याऐंशीतले, म्हणजे अंकोट्टक हे ज्याचे मुख्य ठाणे, त्या चौऱ्याऐंशी गावांच्या समूहातले. आणि त्याच्या सीमा? पूर्वेस जंबुवाविका ग्राम, दक्षिणेस महासेनक तडाग, पश्चिमेस अंकोट्टक, उत्तरेस वग्घाच्छ ग्राम.

वटपद्रक म्हणजे वडाच्या सावलीतले गाव. तेच पुढे वडोदरा झाले. मराठी माणसाच्या तोंडी ते बडोदे. 1734 पासून ते गायकवाडांच्या हाती कायमचे राहिले आणि सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत विद्या व कला यांचे माहेरघर बनले, हा इतिहास या मासिकाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. मौज अशी की, ताम्रपटात वटपद्रक हे केवळ एक दान देण्याजोगे खेडे आहे. मोठे नगर आहे ते पश्चिमेचे अंकोट्टक. आज धनी आणि आश्रित यांनी जागा बदलल्या आहेत. वटपद्रक महानगर झाले आणि अंकोट्टक त्याच्या पोटातला अकोटा नावाचा एक भाग होऊन राहिला.

अकोट्यास जाऊन प्राचीन नगर पाहू म्हणणाऱ्यास प्रथमदर्शनी निराशाच पदरी येते. दांडिया बाजाराकडून निघावे, विश्वामित्रीवरील पूल ओलांडावा, की अकोटा आलेच. तेथे मैदान आहे, नाट्यगृह आहे, सदनिकांच्या इमारती आहेत, वाहनांची वर्दळ आहे. भग्न तट नाही, पडका खांब नाही, तिकीट नाही की मार्गदर्शक नाही. पण एका जागेचे नाव लोक पिढ्यान् पिढ्या ‘धनटेकरी’ असे सांगत आले. जमिनीत काहीतरी आहे, हे लोकवाणीस पंडितांच्या आधी ठाऊक होते.

पंडित आले ते स्वातंत्र्यानंतर. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय 1949 मध्ये स्थापन झाले. लवकरच तेथे पुरातत्त्व विभाग सुरू झाला आणि प्रा. बेंडापुडी सुब्बाराव यांनी बडोद्याच्याच भूमीत उत्खनन आरंभिले. 1953 मध्ये त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे येथे सापडले. समुद्रापलीकडचा माल भडोचच्या बंदरातून आत येत असे आणि त्याचे गिऱ्हाईक या नदीकाठी राहत असे, एवढी साक्ष त्या खापऱ्या देतात.

खरे धन मात्र 1951 च्या सुमारास निघाले: अकोट्याच्या मातीतून जैन धातुमूर्तींचा निधी हाती आला. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास करून 1959 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी नोंदविलेल्या मूर्ती 68 आहेत. आज सयाजीबागेतील संग्रहालयात त्या पाहावयास मिळतात. ऋषभनाथाच्या उभ्या मूर्तीचे शरीर झिजले, भंगले; पण चांदी जडविलेली दृष्टी अजून स्थिर आहे. जीवंतस्वामींची मूर्ती, म्हणजे संन्यासापूर्वीच ध्यानस्थ झालेला राजपुत्र महावीर, मुकुट व अलंकार ल्यालेली आहे. आणि तिच्यावरील लेखात दात्रीचे नाव आहे, नागीश्वरी श्राविका. जिच्या घराचा एक चिराही आज दाखविता येत नाही, त्या स्त्रीची सही मात्र शाबूत आहे. चामरधारिणीच्या देहाची डौलदार कमान पाहिल्यावर या नगरीतील कारागिरांविषयी अधिक पुरावा मागण्याचे कारण उरत नाही.

येथे कायद्याचा प्रश्न उभा राहतो. 1878 च्या निखात निधीविषयक कायद्याने दहा रुपयांवरील मोलाचा ठेवा सापडल्यास त्याची वर्दी सरकारास देणे बंधनकारक केले. 1958 च्या कायद्याने प्राचीन स्मारकांस संरक्षण दिले आणि 2010 च्या दुरुस्तीने संरक्षित स्थळाभोवतीच्या शंभर मीटरांत नव्या बांधकामास मनाई केली. पण हे संरक्षण घोषित स्थळास आहे. जिवंत शहराखाली जे शहर निजले आहे, ते बहुधा कोणत्याच यादीत नसते. मूर्ती सापडली तर तिला मोल आहे. ती ज्या थरात होती त्या मातीस, राखेस, विटेस मोल नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र मूर्ती हा साक्षीदार आणि थर हा घटनास्थळाचा पंचनामा. पंचनामा फाडून टाकल्यावर साक्षीदाराची किंमत अर्धी होते, हे न्यायालयात नित्य दिसते.

कोणी म्हणेल, तर काय राहत्या माणसांनी घरे बांधू नयेत? तसे मुळीच नाही. वटपद्रकाने वाढू नये असे अंकोट्टकाचे मागणे असू शकत नाही. परंतु ज्या टेकाडांची प्राचीनता एकदा सिद्ध झाली आहे, तेथे पायाचे खोदकाम सुरू होण्यापूर्वी जाणत्या माणसाने चार दिवस जागा पाहावी, थरांची छायाचित्रे व नोंद घ्यावी, अशी अट नगरपालिकांच्या बांधकाम परवान्यात घालणे अवघड नाही. घर चार दिवस उशिरा उभे राहील. उपसलेला थर मात्र पुन्हा कधीच भरता येणार नाही.

दान सूर्यचंद्र असेपर्यंत चालावे, अशी ताम्रपटांची भाषा असते. कर्काची सत्ता गेली, भानूचा वंश कोठे गेला हे कोणी सांगत नाही, महासेनक तडाग नकाशात नाही. चतुःसीमेतली पश्चिम तेवढी आजही खरी आहे: जुन्या बडोद्याच्या पश्चिमेस, नदीपलीकडे, अकोटे आहे. ते पायाखाली आहे म्हणून नाही असे समजण्याचा अधिकार आपणांस कोणत्याही दस्तऐवजाने दिलेला नाही.