उपकारबली (ख्रिस्ती)

आधीच मिळालेल्या कृपेबद्दल माणसाने देवाला वाहिलेले अर्पण. देवाकडून काही पदरात पाडून घेण्यासाठी मोजलेली किंमत, असे त्याकडे ख्रिस्ती धर्मविचारात पाहिले जात नाही. मुंबईच्या उपनगरांत या विचाराचे सर्वांत ठळक रूप म्हणजे ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या, कॅथलिकांचा आगेरा हा सुगीचा सण.

कल्पनेची मुळे यहुदी शास्त्रात आहेत. कापणीची पहिली पेंढी याजकाकडे आणावी, असा नियम जुन्या करारातल्या लेवीय ग्रंथाच्या 23 व्या अध्यायात आहे. अनुवाद ग्रंथाच्या 26 व्या अध्यायातला विधी अधिक बोलका आहे. तिथे शेतकरी पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे ठेवतो आणि मागणे न मागता पूर्वजांची कहाणी सांगतो: मिसर देशातली गुलामगिरी, मग सुटका, मग ही जमीन. देणे देवाने आधीच दिलेले असते. टोपली नंतर येते. नव्या कराराने हा क्रम ठेवला, बळी मात्र बदलला. येशूने वधस्तंभावर स्वतःलाच वाहिले, तेव्हा जनावरांचे बळी संपले. पुनरुत्थित ख्रिस्ताला पौल ‘प्रथमफळ’ म्हणतो, म्हणजे शब्द पुन्हा शेतातलाच. भक्ताकडे उरतात ते इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातले दोन यज्ञ: स्तुती आणि परोपकार.

मिस्सा, म्हणजे भाकर ख्रिस्तशरीर होते तो उपासनाविधी, हाही बळीच का, या प्रश्नावरूनही 16 व्या शतकात युरोपातले चर्च दुभंगले. मिस्साला बळी म्हटले की देवाचे दान माणसाची करणी होऊन बसते, अशी धर्मसुधारक ल्यूथरची 1520 मधली तक्रार होती. उलट मिस्सा हा खरा बळी असून तो कालवारीवरचा, म्हणजे वधस्तंभावरचाच आहे, फक्त रक्तविरहित, असा निर्णय कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1562 मध्ये दिला. मुंबईची उपनगरे ज्यावर वसली आहेत त्या साष्टी बेटावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. ट्रेंटच्या निर्णयाला दोन दशके होण्याआधीच, 1579 मध्ये, जेझुइटांनी अंधेरीजवळच्या कोंडिविट्यात संत योहान बाप्तिस्ताचे चर्च उभारले. उपनगरातल्या शेतकऱ्याला मिस्सा कळला तो ट्रेंटच्या भाषेत. कृपा फुकट मिळते, ती कमावता येत नाही, असे सांगणाऱ्या संयुक्त घोषणेवर मात्र ल्यूथरन आणि कॅथलिक यांनी 1999 मध्ये आउग्सबुर्ग येथे सह्या केल्या.

आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, पाऊस सरताना येतो. गावठणातल्या बायका लुगडी नेसून, बँडच्या तालावर भाताच्या पेंढ्या चर्चमध्ये आणतात. धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि लोंब्या वाटल्या जातात. घरी गेल्यावर लोंबी क्रुसाजवळ ठेवायची. विधीतली एक बारकी गोष्ट सहसा नजरेतून सुटते. हे भात वेदीपुढे येते, पण ख्रिस्तशरीर होऊ शकत नाही. कॅथलिक धर्मविधीसंहितेच्या (1983) 924 व्या कलमाप्रमाणे मिस्साची भाकर केवळ गव्हाची लागते. भातावर जगलेल्या किनाऱ्यावर बळीचे धान्य दूरचे आणि आभाराचे धान्य घरचे, अशी ही वाटणी आहे. तिच्यामुळे दोन्हींतला फरकही डोळ्यांना दिसतो: गव्हात देव देतो, भातात माणूस आठवण ठेवतो.

आता त्या भाताचे शेतच राहिलेले नाही. मरोळ, सहार, चकाला, कोले कल्याण इथल्या खाचरांवर विमानतळ, औद्योगिक वसाहती आणि इमारती आल्या. गोराई-मनोरीकडे शेती थोडीफार टिकली. बऱ्याच गावठणांत पेंढ्या बाहेरून आणाव्या लागतात. यावर ‘हा निव्वळ देखावा’ अशी टीका होते, ती अर्धवट आहे. अनुवाद ग्रंथातली टोपलीही मालकी मिरवण्यासाठी नव्हती. पण भूसंपादनात गेलेल्या जमिनीला कोणी ‘त्याग’ म्हणू लागले, तर ते धर्मशास्त्राला धरून होणार नाही. येशूचे बलिदान त्याच्या मर्जीने झाले, आणि मर्जी नसेल तिथे बळी हा शब्द चालत नाही.

उपकारबलीच्या उलट टोकाला नवस येतो. वांद्र्याच्या मोतमाउलीला, म्हणजे मारियामातेला, सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे वाहिली जातात, आणि वाहणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. अनेकदा हे अर्पण बरे झाल्यावरचे, म्हणजे आभाराचे असते. मागणीसोबत आगाऊ वाहिलेले मेण मात्र शास्त्रात सहज बसत नाही, तरी चर्चने ते नाकारलेले नाही.

कोशांत आगेरा बहुधा ‘लोकसण’ म्हणून लुगडी, बँड आणि फुगियास हा खाद्यपदार्थ यांच्यासह नोंदला जातो. ती नोंद अपुरी आहे. आगेऱ्याची जागा मिस्साच्या नोंदीशेजारी आहे.