साइट उघडत नाही: बेंगळुरूच्या घरगुती इंटरनेटमधील अडथळ्यांचा इतिहास

इंटरनेट चालू आहे, बाकी सगळे उघडते, एखादीच वेबसाइट तेवढी उघडत नाही, ही तक्रार बेंगळुरूत घरगुती इंटरनेटइतकीच जुनी आहे. तिचा ठपका बहुतेक वेळा कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या राउटरवर येतो. तो कधी खरा असतो, बऱ्याचदा नसतो. गेल्या तीस वर्षांत अडथळ्याची जागा सारखी बदलत गेली. आधी तो देशाच्या एकमेव दारावर होता, मग पुरवठादाराच्या यंत्रांत आला, मधूनच घरातल्या डब्यातही शिरला. त्याची ओळख मात्र दिवसेंदिवस अवघड होत गेली.

शहराचा दूरसंचाराशी संबंध इंटरनेटच्या बराच आधीचा. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना इथल्या दूरवाणीनगरात १९४८ साली उभा राहिला आणि देशातल्या कित्येक पिढ्यांनी त्याचे फोन वापरले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ मध्ये शहरात आली आणि तिने स्वतःचा उपग्रह-दुवा उभारला. त्याची सामग्री बैलगाडीतून नेल्याचा किस्सा बेंगळुरूच्या संगणक-उद्योगात आजही सांगितला जातो. शिक्षण-संशोधन संस्थांना जोडण्यासाठी १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि मुंबईचे एनसीएसटी हे सॉफ्टवेअर केंद्र यांचा समावेश होता. हे सारे संस्थांपुरते आणि कंपन्यांपुरते होते. घरात काही पोचले नव्हते.

विदेश संचार निगम अर्थात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पहिल्या दिवशी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही चार शहरे होती. बेंगळुरू आणि पुणे पाठोपाठ आली. चित्रांसह जोडणी महाग होती, म्हणून विद्यार्थी फक्त अक्षरे दाखवणारे स्वस्त खाते घेत. संगणकाला मोडेम, मोडेमला फोनची तार, आणि रेषा जुळेपर्यंत किरकिरणारा आवाज. राउटर नव्हताच, त्यामुळे दोष द्यायचा तर फोनच्या रेषेला किंवा थेट व्हीएसएनएलला. आणि तो बरेचदा योग्य जागी लागत असे, कारण देशाबाहेर जाणारी सगळी वाहतूक व्हीएसएनएलच्याच दारातून जाई. तिथे एक गाळणी बसवली की देशभर काम झाले. इंटरनेटवरून फोन करण्याच्या सोयी देणाऱ्या काही साइट तिथेच अडवल्या गेल्या. परदेशी फोनच्या उत्पन्नावर जगणाऱ्या मक्तेदार कंपनीला त्या परवडणाऱ्या नव्हत्या. अशा फोनला कायदेशीर परवानगी १ एप्रिल २००२ रोजी मिळाली. कारगिल युद्धाच्या काळात, १९९९ च्या उन्हाळ्यात, पाकिस्तानच्या ‘डॉन’ दैनिकाची साइट भारतात उघडेनाशी झाली, तीही याच दारावर.

नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खासगी पुरवठादारांना वाट मोकळी झाली. पुढच्या काही वर्षांत बेंगळुरूच्या वसाहतींत केबल टीव्हीवाल्यांनी टीव्हीच्या तारेशेजारी इंटरनेटची तारही ओढली. झाडावरून विजेच्या खांबावर, तिथून गच्चीवर. आजचे एक मोठे नाव, अ‍ॅट्रिया कन्व्हर्जन्स टेक्नॉलॉजीज म्हणजे अ‍ॅक्ट, हीसुद्धा याच शहरातली कंपनी. केबलवाले ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी त्याच्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा ठरलेला क्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस नोंदवून ठेवत. घरात दुसरा संगणक आला आणि लोकांनी मधे राउटर लावला की इंटरनेट ठप्प, कारण नव्या डब्याचा अ‍ॅड्रेस नोंदीत नसे. त्यावर उपाय म्हणून राउटरच्या पटलावर जुन्या संगणकाचा अ‍ॅड्रेस ‘क्लोन’ करण्याचे बटण असे. घरगुती राउटरच्या दुरुस्तीत शिकलेला पहिला धडा बहुधा हाच.

राउटर सर्वत्र पोचला तो २००५ नंतर. त्या वर्षी जानेवारीत २.४ गिगाहर्ट्झ पट्टा परवानामुक्त झाला आणि घरात वायफाय लावणे सोपे झाले. त्याच महिन्यात बीएसएनएलने आदल्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाला धरून ‘डेटावन’ ही सेवा आणली. धोरणाने ब्रॉडबँडची किमान गती सेकंदाला २५६ किलोबिट ठरवली होती. आजच्या हिशेबाने ती गोगलगाय, तेव्हा मात्र चैन. घरोघरी यूटीस्टारकॉम आणि हुआवे यांचे पांढरे मोडेम आले. मोडेमचे पटल उघडायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचे, नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. ही जोडी पुढे कशी भोवली ते खाली येईलच.

‘ठरावीक साइट उघडत नाहीत’ या तक्रारीचे सर्वांत फसवे तांत्रिक कारण याच जोडणीबरोबर घरात आले. इथरनेटवर एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. बीएसएनएलसारख्या डीएसएल सेवांत पीपीपीओई ही पद्धत वापरली जाई, आणि ती प्रत्येक पॅकेटातले ८ बाइट स्वतःसाठी घेई, उरत १४९२. दूरच्या सर्व्हरने १५०० बाइटचे पॅकेट ‘तुकडे करू नका’ अशी खूण लावून पाठवले की वाटेतले यंत्र ते टाकून देई आणि सर्व्हरला तसे कळवी. अडचण अशी, की काही संस्थांच्या फायरवॉल सुरक्षेच्या नावाखाली हे कळवणेच आत येऊ देत नसत. सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राही, पान अर्धवट लटके. लहान पाने उघडत, पिंग या चाचणी-संदेशाला उत्तर येई, आणि नेमके लॉगिन झाल्यावरचे मोठे पान मात्र येत नसे. यात कुणी काही अडवलेले नसे. मोडेमच्या पटलावर एमटीयू म्हणजे पॅकेटची ही कमाल मर्यादा १४९२ किंवा त्याहून कमी केला की साइट उघडे. तपासायची रीतही साधी होती: तुकडे करायला मनाई करून १४७२ बाइटचा पिंग पाठवायचा, तो अडला की आकडा उतरवत न्यायचा, पीपीपीओईवर तो १४६४ ला पार होतो. हे गणित येणाऱ्या माणसाला त्या काळी शेजारी मान होता.

सरकारी अडथळ्याची धाटणी याच सुमारास बदलली. व्हीएसएनएलची मक्तेदारी गेल्यामुळे आता आदेश डझनावारी पुरवठादारांना जाऊ लागले, आणि नेमके एकच पान अडवण्याची साधने त्यांच्यापैकी अनेकांकडे नव्हती. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातल्या एका फुटीर गटाशी निगडित ‘किन्हुन’ नावाचा याहू ग्रुप अडवण्याचा आदेश निघाला. पुरवठादारांनी आयपी पत्ताच बंद केला आणि देशातले सारे याहू ग्रुप काही दिवस बंद पडले. मुंबईच्या लोकलगाड्यांतील ११ जुलै २००६ च्या स्फोटांनंतर मोजकी पाने अडवायला सांगितली गेली, तेव्हा अख्खे ब्लॉगस्पॉट बंद झाले. मराठी ब्लॉगलेखनाचा मोठा भाग तेव्हा तिथेच होता. आपला ब्लॉग आपल्याच घरून दिसत नाही, अशी विचित्र स्थिती काही दिवस राहिली.

सुधारित माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६९-अ आणि त्याखालचे नियम २००९ च्या ऑक्टोबरात लागू झाले. अडवण्याची कार्यपद्धती कायद्याखालच्या नियमांत लिहिली गेली. त्यातल्या सोळाव्या नियमाने मात्र विनंत्या आणि तक्रारी गोपनीय ठेवायला सांगितले, आणि घरी बसलेल्या ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा परिणाम या एका नियमाचा झाला. कोणती साइट का अडवली याची उघड यादी नाही. म्हणजे न उघडणारी साइट अडवलेली आहे की नादुरुस्त, हे अनुमानानेच ठरवायचे.

बेंगळुरूला याचा थेट अनुभव २०१२ च्या ऑगस्टमध्ये आला. हल्ल्यांच्या अफवांनी घाबरलेले ईशान्येकडचे हजारो रहिवासी विशेष गाड्यांनी गुवाहाटीकडे निघाले. केंद्राने एकगठ्ठा एसएमएसवर मर्यादा घातली आणि १८ ते २१ ऑगस्ट या काळात तीनशेहून अधिक दुवे अडवायला सांगितले. शहरातल्याच सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने बाहेर आलेली यादी तपासली, तेव्हा अफवांचे खंडन करणारी पानेही तिच्यात निघाली. काही नोंदी तर वेबपत्ते नव्हत्याच, पानाच्या कोडातले तुकडे होते.

डिसेंबर २०१४ चा आदेश या शहराला वेगळ्या जागी लागला. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून ३२ साइट अडवल्या गेल्या. त्यांत व्हिमिओ, पेस्टबिन, इंटरनेट अर्काइव्ह आणि गिटहबही होते. गिटहबवर जगभरचे प्रोग्रामर आपले कोड ठेवतात. त्यावर रोजी चालणाऱ्या शहरात वर्ष संपताना लोक राउटर बंद-चालू करत बसले होते. काही साइट थोड्याच दिवसांत पुन्हा खुल्या झाल्या.

घरातला डबाच दोषी असण्याचे प्रकारही याच दशकातले. राउटर वेबसाइटच्या नावाचा आकडी पत्ता डीएनएस सर्व्हरला विचारतो. तो सर्व्हर कोणता हे राउटरमध्ये लिहिलेले असते आणि ते बदलता येते. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास ४५ लाख मोडेममधली ही नोंद चोरांनी बदलली आणि लोकांना बनावट पानांकडे नेले. ‘डीएनएसचेंजर’ या विषाणूने संगणकांत आणि काही राउटरांत हाच उद्योग केला होता. त्याचे सर्व्हर अमेरिकी तपास यंत्रणेने ९ जुलै २०१२ रोजी कायमचे बंद केले, तेव्हा तोवर साफ न केलेल्या यंत्रांचे इंटरनेट एकदम गेले. भारतात जुलै २०१७ मध्ये ‘ब्रिकरबॉट’ या घातक प्रोग्रामने बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या मोडेमवर हल्ला केला. ७५४७ क्रमांकाचे उघडे पोर्ट आणि कधीच न बदललेला ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड एवढे त्याला पुरले. साठ हजारांहून अधिक मोडेम बंद पडल्याचे तेव्हा सांगितले गेले.

पुरवठादाराकडचा अडथळा ओळखणे कठीण झाले ते मात्र एका चांगल्या सुधारणेमुळे. जुन्या एचटीटीपी जोडणीत पुरवठादार मधेच स्वतःचे पान घुसवून ‘शासनाच्या आदेशाने बंद’ असे सांगू शके. २०१५ नंतर बहुतेक साइट एचटीटीपीएसवर गेल्या. त्या जोडणीत दुसऱ्याचे पान घुसवले की ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो. मग अडवणारे दोन मुक्या वाटांनी जाऊ लागले. एक, डीएनएसकडून खोटा पत्ता देणे किंवा काहीच न देणे. दुसरी, जोडणीच्या सुरुवातीला साइटचे नाव उघड जाते तेवढे वाचून जोडणी तोडणे; जिओ ही दुसरी रीत वापरते असे सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने नोव्हेंबर २०१९ मध्ये दाखवून दिले. दोन्हींत पडद्यावर येतो तो नादुरुस्त राउटरसारखाच संदेश. याच संस्थेच्या पुढच्या अभ्यासात सहा पुरवठादार तपासले गेले. निदान एकाने तरी अडवलेल्या ४०३३ साइट सापडल्या. सहाही जणांनी अडवलेल्या फक्त १११५ निघाल्या. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर साइट उघडते आणि खाली नाही, याचा उलगडा त्या आकड्यांत आहे.

तपासाची पद्धत या साऱ्या अनुभवातून घडली आणि तिचा क्रम आता बराचसा पक्का आहे. आधी तीच साइट फोनच्या मोबाइल डेटावर उघडायची, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या सिमवर. तिथेही अडली, तर दोष साइटचा असेल किंवा अडथळा दोन्ही कंपन्यांकडे असेल. राउटरवरचा संशय तरी कमी होतो. फक्त घरीच अडली, तर राउटरच्या पटलावर पालक-नियंत्रण आणि यूआरएल फिल्टर पाहायचे. मुलांच्या ऑनलाइन शाळेच्या काळात लावलेले असे कुलूप घरचेच विसरलेले असतात. मग डीएनएसची नोंद. तिथे अनोळखी आकडे दिसले तर रिसेटचे छिद्र टाचणीने दाबायचे, फर्मवेअर ताजे करायचे आणि पासवर्ड बदलायचा. पुरवठादाराच्या डीएनएसने दिलेला पत्ता गूगलच्या ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ ने दिलेल्या पत्त्याशी ताडून पाहिला की फरक कळतो, पण मोठ्या साइटचे पत्ते जागेनुसार बदलतात, त्यामुळे नुसत्या फरकाने काही सिद्ध होत नाही. दोन्ही पत्ते नीट असून जोडणी सुरुवातीलाच तुटत असेल, तर नाव वाचून अडवल्याचा संशय घ्यायला जागा आहे. लहान पाने येतात आणि मोठी लटकतात, तर एमटीयू.

एक कारण उलट्या बाजूचेही असते. आयपी पत्ते अपुरे असल्याने पुरवठादार अनेक घरांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात. त्यातल्या एका घरातून गैरप्रकार झाला, की परदेशी साइट तो पत्ताच नाकारते आणि शेजारपाजारचे सगळे बाहेर राहतात. यावर घरच्या राउटरमध्ये करण्यासारखे काही नाही. पुरवठादाराकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो, आणि त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात.

अडथळा आदेशाचा निघाला तर तंत्रज्ञाचे काम संपते आणि वकिलाचे सुरू होते. व्हीएलसी हा प्रसिद्ध व्हिडिओ प्लेयर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची साइट २०२२ च्या फेब्रुवारीपासून भारतात अनेक जोडण्यांवर अडली होती. आदेशाची प्रत कुणाकडे नव्हती. संस्थेने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरात साइट खुली झाली. ट्विटरने ३९ दुव्यांबाबतच्या आदेशांना त्याच वर्षी जुलैमध्ये बेंगळुरूतल्या कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३० जून २०२३ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि कंपनीला ५० लाख रुपयांचा दंड केला. गोपनीयतेचा सोळावा नियम त्यानंतरही कायम राहिला.