रडतराऊत

निराश माणसाला नांवें ठेवण्यासाठीं मराठीला शब्दांची वाण कधींच पडली नाहीं. रडका, रडतोंड्या, कुरकुऱ्या, दुर्मुखलेला, करंटा अशी ही मोठी वरात आहे. परंतु तींत घोड्यावर बसलेला एकच, तो रडतराऊत.

राऊत हा शब्द संस्कृत 'राजपुत्र' या शब्दापासून आला. राजाचा पुत्र झिजत झिजत साधा घोडेस्वार झाला. मराठी फौजेंत शिलेदार आपला घोडा आपण आणी, बारगिराला तो सरकारी पागेंतून मिळे. घोडा कोणाचाही असो, मन तयार नसलेला स्वार फौजेला भारच. म्हणून म्हण पडली कीं, रडतराऊत घोड्यावर बसविला तर तो मेल्याची बातमी आणावयाचा. म्हणीचा रोख रडण्यावर नाहीं, बातमीवर आहे, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. फौजेला बातमी दाण्यागोट्याइतकीच अवश्य. आणि ज्याच्या मनांत पराभव आधींच ठरून गेला, त्याला वाटेंतली धूळही शत्रूचीच वाटणार. आज 'रडतराव' म्हणणाऱ्यांना त्यांतला स्वार आठवतही नाहीं.

करंटा हा याहून कठोर शब्द. तो माणसाच्या दैवावरच बोट ठेवतो. समर्थ रामदासांनीं मात्र त्याला निराळें वळण दिलें. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांत तिसरा समास करंटलक्षणांचा आणि लागलाच चौथा सदेवलक्षणांचा आहे. हीं लक्षणें टाकतां येतात, हेंच तेथें गृहीत धरलें आहे. टाकलीं कीं करंटा सदेव होतो. दैवाचा शब्द समर्थांनीं आचरणाचा केला. समाजानें याच्या उलट केलें. घरांत नवी सून आली आणि कांहीं अनिष्ट घडलें कीं ती 'पांढऱ्या पायाची' ठरे. वाईटाची धास्ती बोलणाऱ्याच्या मनांत, आणि नांव चिकटलें तें बिचाऱ्या मुलीला! या एका शब्दानें किती संसार नासले असतील, त्याची नोंद कोणत्या दप्तरांत सांपडणार?

'निराशावादी' हा शब्द अगदीं अलीकडचा, इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेला. मूळच्या इंग्रजी शब्दाच्या पोटांत 'सर्वांत वाईट' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१०-११ सालीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेल्या व १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांत, सुखदुःखविवेक या पांचव्या प्रकरणांत, शोपेनहौर या जर्मन तत्त्ववेत्त्याच्या मताचा परामर्श घेतला आहे. संसारांत दुःखच अधिक, असें विचारान्तीं म्हणणारा तो पंडित आणि सकाळच्या चहावरून कुरकुरणारा गृहस्थ, या दोघांना आपण आतां एकच नांव देतों. भाषेचें हें नुकसानच होय.

याहून मोठा घोटाळा सावधगिरीचा इशारा देणाऱ्यांच्या बाबतींत होतो. जड तोफा, बाजारबुणगे व बायकामुलें मागें ठेवून गनिमी काव्यानें लढावें, असा सल्ला सूरजमल जाटानें सदाशिवरावभाऊंना दिल्याचें बखरींत आलें आहे. तो मानला गेला नाहीं. पुढें रसद तुटली, छावणींत उपासमार झाली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर जें झालें तें सर्वांस ठाऊक आहे. सूरजमल रडतराऊत खास नव्हता.

इंग्रजांनाही हा भेद संभाळतां आला नाहीं. जुलै १९४० मध्यें, फ्रान्स पडल्यावर, त्यांच्या माहितीखात्यानें जाहिरातींतून कांहीं कल्पित पात्रें लोकांपुढें उभीं केलीं व त्यांची तोंडें बंद करा म्हणून सांगितलें. त्यांत एक होते मिस्टर ग्लमपॉट, म्हणजे आपल्याकडचे उदासपंत. निराशा पसरविल्याबद्दल लोकांवर खटलेही झाले. घरांतल्या कुरकुरीला गुन्हा ठरविलेलें प्रजेला रुचलें नाहीं, आणि थोड्याच दिवसांत चर्चिलसाहेबांना ती मोहीम आवरावी लागली.

त्याच १९४० सालीं, त्याच महायुद्धासाठीं, गोंदियाजवळ बिरसी येथें इंग्रज सरकारनें विमानतळ बांधला. युद्ध संपलें, राज्यही गेलें, धांवपट्टी राहिली. आणि पुढें तेथें वैमानिकांच्या शिक्षणाची सोय झाली. या विद्येंत नवशिक्याला एक संवय प्रथमपासून लावतात. विमान उडण्यापूर्वीं, इंजिन बंद पडलें तर काय करावयाचें, हें त्यानें दर खेपेस तोंडानें म्हणावयाचें असतें. आकाश निरभ्र असलें तरीही.